डाव्या कानातला नाद

रविवार असल्यामुळे तळेगावहून निघालेल्या समीक्षाची गाडी कार्ला फाट्यावरच सहलीला निघालेल्यांच्या रांगेत अडकली, आणि औंढ्यात माहेरच्या दारात ती उतरली तेव्हा वहिनीचा, रेणुकाचा, भात शिजून निवायला आला होता. भाऊबीजेनंतर ती आज प्रथमच येत होती. आईला तळेगावला न्यायचं की नाही यावरून त्या दिवशी थोरल्या भावाशी, आदिनाथशी, तिची जी बोलाचाली झाली, ती अजून दोघांच्याही मनात तशीच होती. आत आल्यावर तिने आबांना वाकून नमस्कार केला, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "वहिनी, दादाला विचारा, गाडी वाटेत येत असेल तर पुढे घेते." दादा तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. "तिला म्हणावं, ऱ्हाऊ दे," त्याने रेणुकाला सांगितलं. रेणुकाने दोघांकडे बघून मान हलवली आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. निरोप पोचवायची तिला गरज नव्हती, आणि हसू लपवायला स्वयंपाकघर बरं होतं.

आज सगळे जमले होते ते आत्यांच्या गाठीसाठी. रेणुका सासूला आत्या म्हणायची; मावळात पुष्कळ घरांतल्या सुना अजून तसंच म्हणतात. मागच्या चैत्रात परसातल्या औदुंबराला प्रदक्षिणा घालताना आत्यांचा तोल जाऊ लागला. आधी त्या पाराला हात लावून चालायच्या, मग एक दिवस वळणावर खाली बसल्याच. पडल्याचं त्यांना काही वाटलं नाही, नेम मोडला म्हणून मात्र डोळ्यांतून पाणी काढलं. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे डोक्याचा एमआरआय झाला, आणि डॉक्टर पद्मजाबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की डाव्या कानाकडून मेंदूकडे एक शीर जाते, ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची, तिच्यावर गाठ आहे. अकुस्टिक न्यूरोमा म्हणतात तिला. कॅन्सर नव्हे. सावकाश वाढते. डावा कान बहुतेक गेलेलाच आहे, तो कोणत्याही उपायाने परत येणार नाही. तेव्हा गाठ शेंगदाण्याएवढी होती, म्हणून काही महिने नुसती नजर ठेवायची ठरली. परवाच्या फोटोत ती चिंचोक्याएवढी दिसली. आता घरी बसून शांतपणे ठरवा, बाई म्हणाल्या, पण ठरवा.

कान गेलेला आहे हे ऐकून घरातल्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. गेला कधी? कुणाला कसं कळलं नाही? न कळण्याचं कारण रेणुकाला घरी परतताना उमगलं. आत्यांचे नेम फार. सोमवार, एकादशी, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि या सगळ्यांवर गेल्या काही वर्षांपासून संध्याकाळचं मौन. हाक मारली आणि ओ आली नाही, की घरातलं कुणीही म्हणायचं, मौन असेल. मग हाक मारणारा आपणच ओशाळून परत जायचा. दुसऱ्या घरात म्हातारीला ऐकू येत नाही हे केव्हाच कळलं असतं. या घरात बहिरेपणसुद्धा नेमातच जमा झालं.

जेवणं उरकली. रेणुकाने आत्यांना भिंतीशी अशा बेताने बसवलं की सगळे त्यांच्या उजव्या अंगाला येतील. आत्यांनी मांडीवर कापसाची पिशवी घेतली आणि वाती वळायला लागल्या. आबा खुर्चीत, आदिनाथ दाराशी, समीक्षा सतरंजीवर. बोलायला आदिनाथने सुरुवात केली, कारण तो थोरला.

त्याचं म्हणणं एकच होतं, काढायची तर मुळासकट. तुंगार्लीच्या ज्या बंगल्याची तो देखरेख करायचा तिथे मुंबईचे एक डॉक्टर उतरले होते, त्यांना त्याने अंगणात गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, ऑपरेशन केलं की गाठ जाते. मग आणखी काय पाहिजे? वर्षानुवर्षं बांधावरचा लव्हाळा काढलेला माणूस तो. वरून खुरपलं आणि गड्डा आत राहिला, की पंधरा दिवसांत पुन्हा हिरवागार, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"लव्हाळा भाताच्या बुडात असला म्हंजी?" आबा खुर्चीतून म्हणाले. "उपटताना रोपबी हातात येतं, इसरला व्हय?"

आबांचं हे बोलणं खोटं नव्हतं. तोंडाची हालचाल करणारी शीर त्या गाठीला अगदी चिकटून जाते, असं पद्मजाबाईंनी कागदावर रेघ ओढून दाखवलं होतं. कानामागून कवटी उघडायची, गाठ सोडवून घ्यायची, आणि एवढं करून त्या शिरेला धक्का लागला तर तोंड एका बाजूला ओढलं जाऊ शकतं, डोळा नीट मिटत नाही. होईलच असं नाही. पण या वयात सगळ्याचाच विचार करावा लागतो.

समीक्षा रेडिएशनच्या बाजूची. शाळेत मुलांना समजावते तसं तिने सावकाश समजावलं. कापायचं नाही, टाके नाहीत. डोकं हलू नये म्हणून चौकट बसवतात आणि नेमक्या त्या जागेवर किरण सोडतात. दुसऱ्या दिवशी माणूस घरी. गाठ नाहीशी होत नाही, पण बहुतेकांची वाढायची थांबते. त्यानंतर दर वर्षी फोटो काढून बघत राहायचं.

"म्हंजी आत तशीच ऱ्हाणार," आदिनाथने रेणुकाला सांगितलं.

"वहिनी, दादाला सांगा, राहिली तर राहू दे. त्रास नाही दिला म्हणजे झालं. आपल्याच घरात काय कमी जण असे राहतात?"

आबा मोठ्याने हसले, आणि आदिनाथला हसू आवरायला मिशीवरून हात फिरवावा लागला. पण आबांनाही समीक्षाचा मार्ग पसंत नव्हता. त्यांचं मत, काहीच करू नये. "पंच्याहत्तरीला आली ती. शेंगदाण्याचा चिंचोका व्हायला एवढे दिस लागले. सुपारी व्हईपत्तर आमी दोगंबी कशाला असतोय हितं?" समीक्षाने तेही खोडून काढलं. एवढे दिवस म्हणजे आठ महिनेसुद्धा नाहीत, आबा. मेंदूला टेकली तर मग ऑपरेशनशिवाय रस्ता उरणार नाही, आणि तेव्हा आईचं वय आजच्यापेक्षा जास्तच असेल. आबांनी खिडकीतून बाहेर पेंढ्याच्या गंजीकडे पाहिलं. रेणुकाला दिसत होतं, म्हाताऱ्याला सगळं कळतंय. आत्या ऑपरेशनच्या खोलीत गेल्या आणि परत आल्याच नाहीत तर, एवढीच एक भीती त्यांना होती, आणि ती पोरांसमोर बोलायची नव्हती, म्हणून हे सुपारीचं पुढे केलं होतं.

तिघं तीन दिशांना. चौथ्या माणसाला, जिच्या डोक्यात ती गाठ होती तिला, अजून कुणी विचारलं नव्हतं. आत्या वाती वळत होत्या आणि जो बोलेल त्याच्याकडे बघून हसत होत्या.

तेवढ्यात समीक्षा म्हणाली, "एक मात्र बरं आहे आईचं. बाईंना पण नवल वाटलं. या गाठीत बहुतेकांना त्या कानात सतत सूर येत राहतो म्हणे. बारीक, रातकिड्यासारखा. झोपेतून उठलं तरी तोच. माणसं कंटाळून जातात. आईला विचारलं तर ही म्हणाली, शिट्टी नाही, काही नाही. तेवढं तरी देवाने वाचवलं."

आत्यांची बोटं थांबली. अर्धी वळलेली वात मांडीवर तशीच राहिली.

"त्यो सूर गाठीचा असतो?" त्यांनी विचारलं.

"हो. शीर दाबली जाते ना. बाहेरचं ऐकू येईनासं झालं की आतल्या आत आवाज होत राहतो."

 आत्या कापसाची पिशवी आवळून भिंतीच्या आधाराने उठल्या. "मला काय नगं," त्या म्हणाल्या. "आपरेशन नगं आन् किरणबी नगं. हाय ते ऱ्हाऊ द्या." आणि भिंतीला हात लावत लावत मागच्या दाराने परसात गेल्या.

आबांचा पक्ष जिंकला होता. "ऐकलं?" ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. आणि मग भाऊबीजेपासून झालं नव्हतं ते झालं. आदिनाथ सरळ बहिणीकडे वळून म्हणाला, "समे, तू नीट सांग तिला. तुजं ऐकंल ती."

"सांगते रे दादा. पण तू आधी तो लव्हाळा पुरे कर. घाबरली ती."

दुसरा कोणताही दिवस असता तर रेणुकाने देवापुढे साखर ठेवली असती. आज तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने आत्यांचा चेहरा पाहिला होता. ऑपरेशनच्या नावाने घाबरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. कुणीतरी हातातलं काढून घेतल्यावर लहान मुलाचा होतो तसा होता. "मी बघून येते," म्हणत ती उठली, आणि दोघं बहीणभाऊ आपल्या मागे येऊ नयेत म्हणून तिने दार ओढून घेतलं.

आत्या औदुंबराच्या पारावर बसल्या होत्या. ऊन पानांतून खाली सांडत होतं. रेणुका त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि काही न विचारता पिशवीतला कापूस काढून वात वळायला लागली. या बाईंशी कसं बोलायचं हे तिला आता ठाऊक होतं. पूर्वी नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा आत्यांचा आवाज ओढ्यापलीकडच्या खाचरात ऐकू जायचा. मीठ कमी पडलं तर, जास्त पडलं तर, दूध उतू गेलं तर, माहेरचं कुणी आलं तर. कुसगावहून तिची आई यायची ती दुपारचीच परत जायची, कारण चहाच्या कपासोबत दोन टोमणे ठरलेले. मग चार-पाच वर्षांपूर्वी काय झालं कुणास ठाऊक, आत्या निवळल्या. वय झालं, लोक म्हणाले. रेणुकाने कारण शोधलं नाही. उन्हात सावली आली की कुणी ती कुठून आली हे विचारत नाही.

दोन वाती झाल्यावर आत्या म्हणाल्या, "त्या पुण्याच्या बाईला मी खोटं न्हाई सांगितलं. तिनं इचारलं, कानात शिट्टी वाजती का. शिट्टी न्हाईच ती."

रेणुकाचे हात थांबले.

"सप्त्यात त्ये एक म्हाराज आलते बघ, दाढीवाले. त्यांनी कीर्तनात सांगितलं, नाम घेता घेता माणसाचं आतलं दार उघडतं, मंग त्याला आपसूक नाद ऐकू येतो. कुणी वाजवत नसतं तरी येतो. पयल्यांदा किडा किरकिरल्यावानी, मंग घंटंवानी. आन् ज्याला येतो त्यानं कुणाला सांगायचं नसतं, न्हाईतर निघून जातो. आन् म्हैना सरला नसंल, मी सांजच्याला माळ घेऊन बसले, आन् आला." त्यांनी डाव्या कानाकडे हात नेला, पण कानाला लावला नाही. "मला काय वाटलं सांगू? मी अडाणी बाई. लय लोकांची मनं दुखावलेली. आन् देवानं मला दिला. म्हणून तर मौन धरलं गं. ऐकायला."

रेणुकाला एकदम सगळा हिशेब लागला. सप्ताह, मौन, आत्यांचं निवळणं, सगळं एकाच सुमाराचं.

"आता सांग," आत्या म्हणाल्या. "मी एवढे दिस गाठीला देव समजले व्हय?"

खोटं बोलणं सोपं होतं. नाही आत्या, तुमचा तो वेगळा, असं म्हटलं असतं तर त्यांनी ते धरूनही ठेवलं असतं, आणि मग कोणताच उपाय केला नसता. पण नुसतं खरं सांगून म्हाताऱ्या बाईला या पारावर एकटी सोडायची, हेही रेणुकाच्याने होईना. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तिच्याही मनात एक धाकधूक होती, आणि ती फार चांगली नव्हती. हा नाद गेला आणि जुन्या आत्या परत आल्या तर?

"समीक्षाताई म्हणाल्या ते खरं असणार, आत्या," ती म्हणाली. "आवाज गाठीचाच असेल."

आत्यांनी मान खाली घातली.

"पण मला एक सांगा. माझी आई कुसगावला अंथरुणाला खिळली, तेव्हा आपली लावणी चालू होती. बाया मिळत नव्हत्या. मी विचारलंसुद्धा नव्हतं. तुम्हीच चिखलातून बाहेर आलात आणि म्हणालात, जा, आईपाशी बस, हितलं मी बघते. दहा दिवस मी तिकडे राहिले. ती गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगतंय? आदल्या सांजेला गप बसले व्हते. मनात आलं."

"मग ते गाठीने सांगितलं?"

आत्यांनी वर औदुंबराकडे पाहिलं.

"आवाज कशाचाही असू दे," रेणुका म्हणाली. "ऐकून तुम्ही जे केलंत ते माझ्या घरात झालंय. मी बघितलंय." तिने घाईघाईने आणखी एक वात वळली, आणि ती इतकी जाड झाली की आत्यांनी सवयीने तिच्या हातातून काढून घेतली आणि उलगडून पुन्हा वळली.

"त्या किरणानं नाद जाईल?" वात वळता वळता त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत. ताईंना विचारू. पण मग त्यांना सांगावं लागेल."

आत्यांनी बराच विचार केला. कुणाला सांगायचं नसतं, हे त्यांनी इतकी वर्षं पाळलं होतं. पाळलेलं मोडणं त्यांना किती अवघड जातं हे रेणुकाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने आग्रह केला नाही. शेवटी आत्यांनीच हात पुढे केला. "धर," त्या म्हणाल्या. "तोल जातोय."

दोघी आत आल्या तेव्हा आदिनाथ आणि समीक्षा शेजारीशेजारी बसून आबांना काहीतरी पटवत होते आणि आबा दोघांवर चिडले होते. आत्या आपल्या जागी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कीर्तन, नाद, मौन, सगळं. सांगताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. खोलीत कुणी हसलं नाही. समीक्षाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती विज्ञान शिकवायची, देवळात फक्त आईबरोबर जायची. पण ती सरकत पुढे आली आणि आईच्या पायावर हात ठेवून बसली.

"म्या बोलायला नको व्हतं," ती म्हणाली. आईपाशी बसली की तिच्या बोलण्यातलं तळेगाव कधी गळून पडायचं ते तिलाही कळत नसे.

"बरं झालं बोललीस," आत्या म्हणाल्या. "आता येवढं सांग, किरण मारल्यावर नाद ऱ्हातो का जातो?"

समीक्षाने तिथूनच पद्मजाबाईंना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. त्यांनी सांगितलं ते समीक्षाने शब्द न् शब्द आईच्या उजव्या कानाशी म्हटलं. काहींचा कमी होतो, काहींचा तसाच राहतो, एखाद्याचा वाढतोही. ऑपरेशन केलं तरी तसंच. आधी सांगता येत नाही, आणि फक्त आवाजासाठी उपाय करायचा नसतो. उपाय करायचा तो गाठ वाढू नये म्हणून, तोल आणखी बिघडू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात आईंना घेऊन या, मी त्यांच्याशीच बोलते, असंही त्या म्हणाल्या.

आत्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "आदिनाथ, कापायचं नगं. माजं तोंड वाकडं झालं तर नाम धड घेता येयाचं न्हाई."

आदिनाथने मान हलवली. लव्हाळ्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

"किरण मारू द्या," आत्या म्हणाल्या. "नाद देवाचा असंल तर किरणानं जायचा न्हाई. गाठीचा असंल तर जाऊ द्या त्याला. माळ वडायला मला नाद कशाला पायजे?"

 आपल्या मनातली ती धाकधूक कधी विरली हे रेणुकाला समजलंच नाही. तिने आबांकडे पाहिलं, कारण आता एकटे तेच उरले होते. काही करायचंच नाही म्हणणारे.

आबा खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात रोवून, कण्हत, ते आत्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले, आणि तेही डाव्या बाजूला, जिथून बोललेलं आत्यांना कळत नसे. लग्नाला पन्नासावर वर्षं झाली होती, पण चार माणसांत बायकोला खेटून बसलेले आबा रेणुकाने कधी पाहिले नव्हते, आणि आदिनाथच्या तोंडावरून वाटत होतं, त्यानेही पाहिले नसावेत. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, मान वाकवली आणि आपला कान आत्यांच्या डाव्या कानाला टेकवला. आत्या लाजेने आक्रसल्या, पण सरकल्या नाहीत. दोन पांढरी डोकी तशीच एकमेकांना टेकून राहिली. आबांनी डोळे मिटले होते आणि श्वासही रोखला होता.

"काय बी ऐकू येत न्हाई गं," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. मग आठवण होऊन त्यांनी वळून तेच तिच्या उजव्या कानापाशी सांगितलं.

"तुमाला कसं येईल?" आत्या म्हणाल्या. "एक एकादस तरी धरली का कदी?"

"धरतो," आबा म्हणाले. "ही येती ती धरतो. तू परत ये म्हंजी झालं."